खेळाडूच्या मनातला 'च'

(पोस्ट मोठी आहे. घरात खेळणारं मूल असेल, किंवा तुम्ही स्वतः कुणाला शिकवत असाल, तर सवडीने पण पूर्ण वाचा.)

१८ जुलै १९७६, माँट्रियल ऑलिंपिक. रोमानियाची १४ वर्षांची नादिया कोमानेची अनइव्हन बार्सवरच्या कसरती संपवून खाली उतरली आणि थोड्या वेळाने गुणफलकावर आकडा उमटला : १.००. लोक गोंधळले. एवढी सुंदर कसरत आणि एक गुण? मग घोषणा झाली की तिला १० पैकी १० मिळाले आहेत. दहा दाखवण्याची सोयच त्या फलकात नव्हती. ऑलिंपिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये पैकीच्या पैकी गुण कुणी मिळवेल, असं तो फलक तयार करताना कुणाला वाटलंच नव्हतं. नादियाने त्या ऑलिंपिकमध्ये असे दहा गुण सात वेळा मिळवले.

त्या दिवसाचं कौतुक आजही होतं आणि ते व्हायलाच हवं. पण त्यातून क्रीडाजगताने जो धडा घेतला, तो नीट तपासायला हवा. परिपूर्णता शक्य आहे हे नादियाने दाखवलं. प्रशिक्षकांनी, संघटनांनी, पालकांनी त्याचा अर्थ असा लावला की शक्य आहे म्हणजे ती मागता येते. मग मागणीची सक्ती झाली. 'चांगलं व्हावं'चं 'बिनचूकच झालं पाहिजे' झालं. आपल्याकडे तर आमिर खानला 'मिस्टर परफेक्शनिस्ट' म्हणतात ते कौतुकाने. या शब्दाला काही दुखरी बाजू असेल, हे आपल्या चटकन ध्यानात येत नाही.

मानसशास्त्राच्या ध्यानात ती आली, पण खेळाच्या मैदानापर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला. तो प्रवास कसा झाला, तेच आज सांगायचं आहे.

सुरुवात अमेरिकेत. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उघडली. १९३२ मध्ये पैशाअभावी ती बंद पडली. पुढे १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे मालक फिलिप रिगली यांनी ग्रिफिथला संघासाठी नेमलं. संघाचे व्यवस्थापक चार्ली ग्रिम यांना हा माणूस म्हणजे मैदानावर आलेली ब्याद वाटली. खेळाडूंना शिकवायला आम्ही आहोत की, हा पुस्तकी पंडित कशाला? ग्रिफिथच्या सूचना बाजूला पडल्या आणि काही काळातच तो प्रयोग गुंडाळला गेला. आज ग्रिफिथला अमेरिकी क्रीडा मानसशास्त्राचा जनक म्हणतात. तेव्हा त्याला संघाच्या खोलीत कुणी उभं करत नव्हतं. ही वृत्ती पुढे किती दशकं टिकली, ते येईलच.

दरम्यान खेळाशी काही संबंध नसलेल्या दोन लोकांनी या प्रश्नाचं मूळ पकडलं.

पहिल्या कॅरेन हॉर्नाय. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या या मनोविश्लेषक बाईंनी १९५० मध्ये लिहिलं की काही माणसं आपल्या मनात स्वतःचीच एक आदर्श प्रतिमा उभी करतात आणि मग ती प्रतिमा त्यांच्यावर राज्य करू लागते. मी असं असलं पाहिजे, तसं केलं पाहिजे. या अवस्थेला त्यांनी 'पाहिजे'ची जुलूमशाही म्हटलं.

दुसरे अल्बर्ट एलिस. हेही आधी मनोविश्लेषकच. पण कोचावर झोपवून वर्षानुवर्षं बालपण उकरत बसण्याचा त्यांना कंटाळा आला. १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. तिचं मूळ त्यांनी एपिक्टेटस या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञाकडून घेतलं होतं : माणसाला त्रास घटनेचा होत नाही, घटनेबद्दलच्या त्याच्या विचाराचा होतो. या पद्धतीचं आजचं इंग्रजी संक्षिप्त नाव आरईबीटी. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, ही पद्धत आपल्याकडे आणली, शिकवली आणि तिच्यावर मराठीत लिहिलं. ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी ती आणखी पसरवली. म्हणजे मराठी वाचकाला हे सगळं अगदीच परकं नाही.

एलिस यांचं म्हणणं समजून घ्यायला मराठीइतकी सोयीची भाषा नसेल. कारण त्यांनी ज्या गोष्टीवर बोट ठेवलं, तिच्यासाठी आपल्याकडे एक अक्षर आहे : 'च'.

'मला जिंकायचं आहे' ही इच्छा झाली. 'मी जिंकलंच पाहिजे' हा हुकूम झाला. वाक्य जवळपास तेच, पण मनात घडणारं वेगळं. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस नाराज होतो, चिडतो, दोन दिवसांनी परत सरावाला जातो. हुकूम मोडला तर शिक्षा होते, आणि शिक्षा देणाराही तोच असतो. एलिस म्हणायचे की या 'च'मागोमाग आणखी तीन गोष्टी येतात. हरलो तर ते भयंकर असेल. ते मला सहनच होणार नाही. आणि हरलो म्हणजे मी कुचकामी आहे.

आता समजा, एक १५ वर्षांचा मुलगा आहे. जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची आहे. चाचणीच्या आदल्या रात्री झोप नाही. पहिला चेंडू बॅटची कड घेऊन गेला की पुढची पाच षटकं तो त्याच चेंडूशी खेळत राहतो. या पद्धतीने काम करणारा तज्ज्ञ त्याला 'घाबरू नकोस, तू करशील' असं सांगत नाही. तो विचारतो, "उद्या धावा व्हायलाच पाहिजेत, असं कुठे लिहिलंय?" मुलगा म्हणतो, "नाही झाल्या तर निवड होणार नाही." "बरोबर. निवड होणार नाही. वाईट वाटेल?" "खूप." "वाटणारच. पण मग तू क्रिकेटर म्हणून संपलास? माणूस म्हणून बाद झालास?" मुलगा गप्प होतो, मग हळूच म्हणतो, "तसं नाही." इथून पुढे काम सुरू होतं. धावांची इच्छा तशीच ठेवायची, उलट आणखी जोरकस करायची, फक्त त्यातला 'च' काढायचा. मला धावा हव्यात, मनापासून हव्यात, त्यासाठी मी घाम गाळीन, पण त्या झाल्याच पाहिजेत असा जगाचा नियम नाही.

इथे प्रशिक्षकांची जुनी शंका येते. 'च' काढला तर मुलगा ढिला नाही पडणार? जिद्दच गेली तर पदक कुठून येणार?

या शंकेचं उत्तर शोधायला संशोधकांना बरीच वर्षं लागली. १९७८ मध्ये डॉन हॅमाचेक यांनी परिपूर्णतावादी माणसांचे दोन प्रकार सांगितले. एकाला कष्टाने केलेल्या नेटक्या कामात आनंद मिळतो आणि प्रसंगी थोडं उन्नीस-बीस झालेलं चालतं. दुसऱ्याला काहीही केलं तरी ते पुरेसं वाटत नाही. १९९० मध्ये रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात स्वतःसाठीची उच्च अपेक्षा आणि चुकांची धास्ती या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. शिवाय आईवडिलांच्या अपेक्षा आणि आईवडिलांची टीका यांनाही त्या प्रश्नावलीत स्वतंत्र जागा आहे. पुढच्याच वर्षी पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी तीन दिशा दाखवल्या : मी स्वतःकडून बिनचूकपणा मागतो, मी दुसऱ्याकडून मागतो, आणि लोक माझ्याकडून मागतात असं मला वाटतं. ही तिसरी दिशा लक्षात ठेवा.

मग २००२ मध्ये डॅनियल गूल्ड आणि सहकाऱ्यांनी दहा अमेरिकी ऑलिंपिक विजेत्यांचा अभ्यास केला. या दहा जणांची मिळून ३२ ऑलिंपिक पदकं होती. ही माणसं परिपूर्णतावादी होती का? होती, पण हॅमाचेकच्या पहिल्या प्रकारातली. स्वतःसाठीची अपेक्षा उंच, चुकांची धास्ती कमी. प्रशिक्षकांच्या शंकेला याहून थेट उत्तर मिळणं कठीण. शिखरावरच्या या लोकांनी जिद्द सोडली नव्हती, पण त्यांच्यात 'च' फारसा दिसत नव्हता.

आता २००४ च्या अथेन्सला येऊ. तिथून दोन खेळाडू रिकाम्या हाताने परतले.

एक ब्रिटनची सायकलपटू व्हिक्टोरिया पेंडलटन. ती स्वतःच्या चुका मोजण्यात तरबेज होती, जिंकूनही समाधान नसायचं, हे तिने पुढे मोकळेपणाने सांगितलं आहे. ब्रिटिश सायकलिंग संघासोबत तेव्हा डॉ. स्टीव्ह पीटर्स काम करत होते. हे गृहस्थ मनोविकारतज्ज्ञ, आधी रॅम्प्टन या अतिसुरक्षित मनोरुग्णालयात काम केलेले. अथेन्सनंतर पेंडलटन त्यांच्यासोबत मनावर काम करू लागली. २००८ मध्ये बीजिंगला तिने स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं, २०१२ मध्ये लंडनला केरिनचं.

दुसरा आपला अभिनव बिंद्रा. अथेन्सला १० मीटर एअर रायफलमध्ये तो ५९७ गुणांसह तिसरा येऊन अंतिम फेरीत गेला आणि सातवा आला. पुढे त्याला कळलं की त्याच्या जागेखालची फरशी सैल होती. नेमबाजीत हे केवढं मोठं संकट आहे ते नेमबाजच जाणे, तिथे श्वासाचाही हिशेब असतो. पण बिंद्राने त्यातून घेतलेला धडा फरशीपुरता नव्हता. तोवरची त्याची सगळी तयारी परिपूर्ण दिवसासाठी होती. सगळं जिथल्या तिथे असेल तर मी अचूक मारीन. असा दिवस येत नाही, हे त्याला उमगलं. नंतरच्या भाषणांत त्याने हे अनेकदा सांगितलं आहे : मग मी बिघडलेल्या दिवशी चांगलं कसं मारायचं याची तयारी केली. या काळात टिम हार्कनेस हे दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञ त्याच्यासोबत होते.

११ ऑगस्ट २००८, बीजिंग. बिंद्रा चौथा येऊन अंतिम फेरीत गेला. अंतिम फेरीआधीच्या चाचणीच्या गोळ्या भलतीकडे लागल्या, रायफलचा नेम हलला होता. सुरुवातच अशी. जुना बिंद्रा तिथेच संपला असता, निदान तशी शक्यता होती. त्याने नेम नीट करून घेतला आणि मारत राहिला. शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारले, हॅकिनेनने ९.७. एकूण ७००.५ गुण, आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण.

गोष्ट इथे संपवली तर ती प्रेरणादायी व्हॉट्सअॅप संदेश होईल. बिंद्राने त्यापुढचंही सांगितलं आहे. सुवर्ण मिळालं आणि आत पोकळी पडली, नैराश्य आलं. आयुष्यभर जे एकच मागितलं ते मिळाल्यावर काय करायचं, हे ठाऊक नव्हतं. म्हणजे पदक हा या दुखण्यावरचा उपचार नव्हे. २०१६ मध्ये रिओला स्पर्धेच्या दिवशी त्याच्या रायफलचं साइट तुटलं. तरीही तो अंतिम फेरीत गेला, टायब्रेकमध्ये मागे पडून चौथा आला आणि त्याने शांतपणे निवृत्ती घेतली. उपचारांचा, मनावर केलेल्या कामाचा उपयोग सुवर्णाइतकाच त्या चौथ्या क्रमांकात दिसतो, असं मला वाटतं.

आपल्या मातीतही हे काम चाललं होतं. नाशिकचे भीष्मराज बाम, पोलीस खात्यातले निवृत्त अधिकारी आणि स्वतः नेमबाज. योगशास्त्राचा आधार घेत त्यांनी खेळाडूंच्या मनावर काम केलं. अंजली भागवत, राहुल द्रविड अशी मोठी नावं त्यांच्याकडे येऊन गेली. २०१७ मध्ये ते गेले. फळावर नजर खिळली की हातातलं काम बिघडतं, ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. बामसरांनी ती प्रवचनातून काढून रेंजवर आणली.

इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये मार्टिन टर्नर आणि जेमी बार्कर यांनी एलिस यांची पद्धत चार उदयोन्मुख क्रिकेटपटूंवर वापरून पाहिली. 'पाहिजेच'चे विचार उतरले, चिंताही उतरली. त्याच वर्षी कॅनडात अँबर मोझविच आणि सहकाऱ्यांनी स्वतःवर कठोर टीका करणाऱ्या महिला खेळाडूंना आठवडाभर एक लेखनाचा सराव दिला : आपल्या अपयशाबद्दल मैत्रिणीशी बोलावं तसं स्वतःशी लिहायचं. स्वतःवरची टीका, तेच तेच उगाळणं आणि चुकांची धास्ती कमी झाली. अभ्यास लहान आहेत, त्यांना रामबाण म्हणू नये. पण दिशा एकच दिसते.

आता त्या तिसऱ्या दिशेकडे येतो, कारण या इतिहासातला सगळ्यात कडवट भाग तिथे आहे.

नादियाचे प्रशिक्षक बेला कारोली. १९८१ मध्ये ते आणि त्यांची पत्नी मार्टा अमेरिकेत पळून आले. पुढे टेक्सासमधली त्यांची जागा अमेरिकी महिला जिम्नॅस्टिक्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र झाली. सीमोन बाइल्सची पिढी त्या व्यवस्थेत वाढली. संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने केलेले लैंगिक अत्याचार बाहेर आल्यावर २०१८ मध्ये ते केंद्र बंद झालं. शेकडो मुलींनी त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं, त्यांत बाइल्सही होती. हे इतकी वर्षं कसं चालू शकलं? जिथे दुखतंय म्हणणं हीसुद्धा चूक मानली जाते आणि चुकीला जागाच नसते, तिथे मूल तोंड उघडत नाही. बिनचूकपणाची सक्ती गप्प बसायला शिकवते.

२७ जुलै २०२१, टोकियो. सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर बाइल्सला हवेतच आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं. अडीच गिरक्यांऐवजी दीड घेऊन ती कशीबशी उतरली आणि तिने माघार घेतली. जगभर टीका झाली : पळपुटी, संघाला दगा दिला. हवेत दिशा हरवलेली जिम्नॅस्ट मानेवर पडू शकते, याची फिकीर टीका करणाऱ्यांना नव्हती. आठवड्याभरात ती परतली आणि बॅलन्स बीमवर कांस्य घेतलं. मग तिने थेरपी चालू ठेवली, उघडपणे. ३० जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये संघाला सुवर्ण मिळालं, तेव्हा तिने सांगितलं की आजच्या दिवसाची सुरुवात मी थेरपीने केली. १९३८ मध्ये ग्रिफिथला संघाच्या खोलीबाहेर ठेवणारं जग इथवर आलं, ८६ वर्षांनी. आणि हो, नादियाचे ते दहा पैकी दहा गुण देणारी पद्धत जिम्नॅस्टिक्सने २००६ मध्येच सोडून दिली आहे.

हे सगळं आज का सांगतोय?

कारण आपल्या गावांत, शहरांत अकादम्या वाढल्या आहेत. त्या वाढाव्यातच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य आणलं तेव्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. पण अकादमीत फी भरताना आपण प्रशिक्षक कोण, मैदान कसं, किट कुठलं हे विचारतो. मुलगी तीन स्पर्धा हरली आणि जेवेनाशी झाली तर इथे तिच्याशी कोण बोलेल, हे विचारत नाही. मानसतज्ज्ञ आपल्याकडे अग्निशमन दलासारखा : आग लागली की बोलवायचा, आणि शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही.

दुसरं, आपण हा प्रश्न खेळाडूच्या डोक्यात ढकलून मोकळे होतो. तिला सांगतो, टेन्शन घेऊ नकोस. आणि परतीच्या वाटेवर गाडीत विचारतो, तो पॉइंट कसा काय घालवलास? टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र केली. सगळ्यात जास्त, ३३ टक्के, वाढ झाली होती ती तिसऱ्या दिशेत : लोक माझ्याकडून बिनचूकपणा मागताहेत, ही भावना. ही आकडेवारी तिकडची आहे. आपल्याकडे काय चित्र असेल, ते दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्याच इमारतीत पाहा.

तज्ज्ञ मुलाच्या मनातला 'च' काढून देईल. पण तो मूल रोज संध्याकाळी घरी आणि मैदानावर परत भरून घेत असेल, तर आठवड्यातल्या एका तासाने काय होणार? म्हणून मागणी अशी असायला हवी : जिल्हा क्रीडा संकुलापासून खासगी अकादमीपर्यंत प्रशिक्षित मानसतज्ज्ञ नेहमीच्या चमूत असावा, फिजिओ असतो तसा. त्याच्याशी झालेलं बोलणं निवड समितीपर्यंत जाणार नाही याची हमी असावी, नाहीतर मुलं खरं बोलणारच नाहीत. प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात हा विषय असावा. आणि पालकांची वर्षातून दोन सत्रं तरी व्हावीत, सक्तीची. हा एक 'च' मी खुशाल ठेवतो : व्हायलाच हवीत.

बाकी, उद्या मूल स्पर्धेहून परत येईल तेव्हा निकालाच्या आधी "मजा आली का?" एवढं विचारून बघा. उत्तर लगेच येणार नाही कदाचित. थांबा थोडं.

पोस्ट पटली तर तुमच्या मुलांच्या प्रशिक्षकांपर्यंत जरूर पोचवा.